सैन्यातली सायबरची नोकरी: आपल्या पोराचा कल आहे का, हे कळतं कसं?

या वेळी सदरात सगळी पत्रं एकाच विषयावरची घेतलीयेत, कारण ती येतच राहिली. सैन्यात सायबरचं काम, म्हणजे कॉम्प्युटर-नेटवर्कवरच्या हल्ल्या-बचावाचं काम करायचंय, त्यासाठी लायक आहे की नाही हे कोण ठरवतं, कसं ठरवतं. लांबलचक पत्रं थोडी छोटी केलीत आणि नावं सगळ्यांचीच काढून टाकलीत.

प्रश्न: मुलगा बारावी सायन्सला आहे. इथल्या एका क्लासने त्याची ‘डिफेन्स सायबर अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट’ घेतली, चांगले पैसे घेतले आणि रंगीत रिपोर्ट दिला की मुलगा या क्षेत्रासाठी उत्तम आहे. आता पुढचा कोर्स लावा म्हणतायत. हा रिपोर्ट भरतीला उपयोगी पडतो का? (एक आई, बार्शी)

उत्तर: ताई, सरळच सांगते, त्या रिपोर्टला सैन्यभरतीत काहीही किंमत नाही. कुठल्याही टप्प्यावर तो कागद कोणी मागणार नाही आणि तुम्ही दाखवलात तरी बघणार नाही. पुढचे पैसे भरायचे राहिले असतील तर कृपा करून भरू नका.

पण असा कल खरंच मोजता येतो का, हा तुमच्या पत्रामागचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. बऱ्यापैकी मोजता येतो, आणि त्यावर सगळ्यात जास्त खटपट अमेरिकेच्या सैन्याने केलीय म्हणून तिथलंच सांगते. तिथे शिपाई म्हणून भरती व्हायचं तर अ‍ॅझव्हॅब नावाची परीक्षा द्यावी लागते, १९७६ पासून सगळ्या दलांना हीच एक आहे, त्यात गणित, शब्दार्थ, उतारा, सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, गाड्यांची माहिती असं सगळं असतं आणि मार्कांवरून कोण कुठल्या कामाला जाणार ते ठरतं. पुढे सायबरची कामं वाढली तसं लक्षात आलं की या विषयांमध्ये कॉम्प्युटर कुठेच नाहीये. मग एक वेगळी चाचणी तयार केली, तिला आता सायबर टेस्टच म्हणतात, आणि एअर फोर्सने ती २०१४ पासून निवडीत वापरायला घेतली. त्यात नेटवर्क, कॉम्प्युटर चालवणं, सुरक्षा आणि त्याचे नियम, प्रोग्रामिंग आणि वेब या चार भागांवरचे प्रश्न असतात.

आता तुम्ही म्हणाल हे तर सरळ माहितीचे प्रश्न झाले, यात कल कुठे आला. तर त्यामागचा विचार असा की सतरा-अठरा वर्षांच्या पोराला शाळेत जे फारसं शिकवत नाहीत ते त्याला माहीत असेल तर त्याने ते स्वतःच्या हौसेने शोधलेलं असणार, रात्री जागून काहीतरी उघडून बघितलेलं असणार, बिघडवलेलं आणि परत नीट केलेलं असणार. म्हणजे माहिती विचारून ते हौस मोजतात. गाड्यांच्या माहितीचा विषय त्या परीक्षेत आहे तोही याच कारणासाठी, मेकॅनिक होणारी पोरं आधीच गॅरेजमध्ये हात काळे करून आलेली असतात. आणि अभ्यासात दिसलं की या मार्कांवरून सायबरच्या ट्रेनिंगमध्ये कोण टिकेल याचा अंदाज नुसत्या जुन्या परीक्षेपेक्षा जास्त चांगला येतो.

क्लासवाल्यांवर माझा राग आहे तो इथेच. तेच प्रश्न घोकून घेतले की मार्क वाढतात पण पोराची हौस वाढत नाही, आणि मग असं पोर निवडलं गेलं तरी ट्रेनिंगमध्ये अडकतं. तुमच्या मुलाचा कल बघायचाच असेल तर घरचं वायफाय बंद पडल्यावर तो काय करतो ते बघा. राउटर बंद-चालू करून थांबतो का नेमकं कुठे तुटलंय हे शोधत बसतो, आणि सापडल्यावर का तुटलं होतं हे तुम्हाला सांगायला येतो का. हे रिपोर्टमध्ये येत नाही पण आईला दिसतं.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत असतो, मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला इथल्या आर्मी किंवा नेव्हीत सायबरमध्ये जायचंय. आम्ही ग्रीन कार्डवर आहोत, आजी-आजोबा पुण्यात. तिला ही संधी मिळेल का, की भारतातले नातेवाईक आडवे येतील? (एक बाबा)

उत्तर: दादा, आधी सिटिझनशिपचं बघा, बाकी सगळं त्याच्यानंतर. ग्रीन कार्डवर अमेरिकन सैन्यात भरती होता येतं पण सायबरच्या कामांना सिक्युरिटी क्लिअरन्स लागतो आणि तो फक्त नागरिकांना मिळतो, त्यामुळे आज ती भरती झाली तर दुसरं काम मिळेल, हे नाही. ती अठराच्या आत असेल आणि तुमच्यापैकी एकजण नागरिक झाला तर तिचं काय होतं हे इमिग्रेशनच्या वकिलाला आत्ताच विचारा, अठरावा वाढदिवस होऊन गेल्यावर विचारू नका.

आजी-आजोबा पुण्यात आहेत म्हणून कोणी नापास करत नाही. क्लिअरन्सचा एसएफ-८६ नावाचा लांबलचक फॉर्म असतो, त्यात परदेशातले नातेवाईक, प्रवास, पैशाचे व्यवहार, राहिलेले पत्ते सगळं लिहावं लागतं, आणि मग चौकशी करणारी माणसं शेजाऱ्यांशी-शिक्षकांशी बोलतात. तिथे सगळ्यात महाग पडतं ते लपवणं. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये तिचं नाव घातलं असेल तर ते लिहा, दर वर्षी गणपतीला येत असाल तर त्या ट्रिपा लिहा.

परीक्षेचं म्हणाल तर बऱ्याच हायस्कूलमध्ये अ‍ॅझव्हॅब फुकट देता येते आणि दिली म्हणून भरती व्हायचं बंधन येत नाही, तेव्हा तिला देऊ दे. आर्मीत सायबर ऑपरेशन्सच्या कामाला १७सी म्हणतात, त्याला जीटी (जनरल टेक्निकल) हा जोडस्कोअर, म्हणजे काही विषयांचे मार्क एकत्र करून काढलेला आकडा, ११० आणि एसटी (स्किल्ड टेक्निकल) हा ११२ मागतात. जीटी कशातून बनतो तर इंग्रजी शब्द-उतारा आणि शाब्दिक गणितं यातून. म्हणजे कॉम्प्युटरच्या कामाच्या दारात पहिली कसोटी नीट वाचून समजण्याची आहे. मला हे अगदी योग्य वाटतं, कारण हे काम अर्ध्याहून जास्त वाचनाचंच आहे. नेव्हीत याच कामाच्या लोकांना २०२३ पासून सायबर वॉरफेअर टेक्निशियन असं नाव आहे आणि त्यांचं ट्रेनिंग फ्लोरिडातल्या पेन्सकोलाला होतं, साधारण सहा महिन्यांचं, आणि ते कठीण समजतात.

प्रश्न: इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर ब्रँच. एथिकल हॅकिंगची दोन सर्टिफिकेटं आहेत. आपल्या आर्मीत सायबर ऑफिसर व्हायला कुठली अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट असते, तयारी कशी करू? ऑफिसर निवडणाऱ्या एसएसबीत हॅकिंगवर प्रश्न येतात का? (सांगली)

उत्तर: मित्रा, तू शोधतोयस तसं सरळ दार आपल्याकडे नाहीये. २०१९ मध्ये तिन्ही दलांची मिळून डिफेन्स सायबर एजन्सी सुरू झाली, पण तिथे दलांमधून निवडलेली माणसं जातात, कॉलेजातून थेट अर्ज करून जाता येत नाही. तुला आधी ऑफिसर व्हायला लागेल. तुझ्यासारख्याला दोन रस्ते जवळचे, एक आर्मीची शॉर्ट सर्व्हिस टेक्निकल एंट्री, त्यात लेखी परीक्षा नसते, डिग्रीच्या मार्कांवर शॉर्टलिस्ट करतात आणि मग एसएसबी. दुसरा नेव्हीची शॉर्ट सर्व्हिसमधली आयटी एंट्री, तीपण तशीच, मार्क मग एसएसबी. नेव्हीला दहावी किंवा बारावीला इंग्रजीत ६० टक्के लागतात ही अट पोरं वाचतच नाहीत आणि शेवटी अडकतात, तुझे बघून घे. आर्मीत सिग्नल्स कोअर मिळाली तर पुढचं शिक्षण महूच्या मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगला होतं.

एसएसबी पाच दिवसांची. पहिल्या दिवशी बुद्धिमत्तेची चाचणी आणि एक चित्र बघून गोष्ट लिहायची, त्यावर गटात चर्चा, तिथेच खूप जण घरी जातात. मग मानसशास्त्राचा दिवस, चित्रांवरून गोष्टी, ६० शब्द आणि प्रत्येकाला १५ सेकंद, ६० प्रसंग आणि अर्धा तास, स्वतःबद्दल लिहिणं. मग मैदानावरचे टास्क, इंटरव्ह्यू, शेवटी कॉन्फरन्स. यातून ऑफिसरचे १५ गुण बघतात आणि त्यात हॅकिंग कुठेच नाही. हां, इंटरव्ह्यूत तुझ्या ब्रँचवर आणि प्रोजेक्टवर विचारतात, आणि सर्टिफिकेट लिहिलंस तर त्यावरही विचारणारच, तेव्हा जे टूल तू चालवलंस ते आतून काय करतं हे पाटी-पेन्सिल घेऊन समजावता आलं पाहिजे. ते येत नसेल तर सर्टिफिकेट फॉर्मवर लिहूच नकोस.

सायबरसाठी आपल्याकडे दारातच वेगळी चाचणी नाही हे मला मनापासून खटकतं आणि ते इथे लिहिते. पायलट व्हायचं असेल तर आपल्याकडे सीपीएसएस नावाची मशीनवरची चाचणी आहे, हात-डोळे-डोकं एकत्र कसं चालतं ते तपासते, आणि एकदा नापास झालं की आयुष्यात परत देता येत नाही इतकी ती गंभीरपणे घेतात. म्हणजे एखाद्या कामाला वेगळं डोकं लागतं हे आपल्या सैन्याला कळतं, ती चाचणी आपल्याच डीआरडीओने बनवलीय. मग सायबरसाठी दारातच तसं काहीतरी का असू नये. ऑफिसरचे १५ गुण हवेतच, त्याबद्दल वाद नाही, पण त्यांच्या जोडीला. ब्रिटनने २०२५ मध्ये सायबरसाठी थेट भरती सुरू केली, दहा आठवड्यांचं बेसिक ट्रेनिंग साधारण महिन्यावर आणलं आणि पुढे तीन महिने सायबरचं खास शिक्षण. तसंच्या तसं इथे आणा असं मी म्हणत नाही, पण तुझ्यासारखी पोरं मैदानावरच्या टास्कमध्ये मागे पडली म्हणून या कामाला कायमची मुकतात हे मला बरोबर वाटत नाही.

तुला सल्ला काय, तर डिग्रीचे मार्क सांभाळ, पळायला जा, गटात बोलायला शीक. आणि सायबरची हौस रोज थोडी चालू ठेव.

प्रश्न: मी बीएस्सी करतेय. गणित माझं बेताचंच आहे, कोडिंग पण फार भारी नाही. पण मला तासन् तास एकच गोष्ट बघत बसता येतं, सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींमध्ये, काहीतरी वेगळं असलं की मला दिसतं, प्रोजेक्टमध्ये सगळ्यांनी सोडून दिलेलं मी शोधलं होतं. सगळे म्हणतात सायबर म्हणजे जीनियस लोकांचं काम. मी नाद सोडू का? (नागपूर)

उत्तर: अजिबात सोडू नकोस! तुझं पत्र वाचून खरंच आनंद झाला, कारण जे शोधायला सैन्यांनी इतकी वर्षं घालवली ते तू चार ओळीत लिहिलंयस.

१९४०च्या दशकात ब्रिटनमध्ये नॉर्मन मॅकवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञाला एक प्रश्न सोडवायला दिला होता. रडारवर बसलेल्या हवाईदलाच्या माणसांना पाणबुडीचा ठिपका दिसतच नव्हता, माणसं हुशार होती, डोळे चांगले होते तरी निसटायचं. त्याने एक घड्याळ बनवलं, काटा एकेक टिकटिक करत पुढे जातो आणि मधेच कधीतरी एकदम दोन घरं उडी मारतो, ती उडी दिसली की बटण दाबायचं, दोन तास. पहिल्या अर्ध्या तासातच लोकांचं चुकायला लागायचं. आज सायबर सुरक्षेच्या खोलीत बसणाऱ्याचं काम थेट हेच आहे, दिवसभर इशारे येत राहतात, त्यातले बहुतेक खोटे, आणि खरा एखादा त्या गर्दीत सगळ्यांसारखाच दिसतो. तिथे जीनियस माणूस कंटाळला की संपलं.

दुसरी गोष्ट, सायबर म्हणजे एक काम नाहीच मुळी. मेरीलँड युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी अमेरिकन सैन्यासाठी काटा नावाची एक चाचणी बनवली, ते लोक आधी भाषा शिकण्याची क्षमता कशी मोजायची यावर काम करणारे होते. त्यांनी दोन प्रश्न विचारले. हे काम तू स्वतःहून पुढे जाऊन करतेस का समोरून काही घडलं की उत्तर देतेस? आणि ते शांतपणे विचार करून करायचं असतं का सेकंदासेकंदाला निर्णय घेत? दोन्ही एकत्र केले की चार घरं होतात. हल्ला करणारे स्वतःहून आणि वेगात. बचाव करणारे समोरच्याला उत्तर देत, वेगात. हल्ला होऊन गेल्यावर मागे काय राहिलंय ते उकलणारे, म्हणजे फॉरेन्सिकवाले, समोरच्याच्या मागोमाग पण सावकाश. आणि सिस्टिम रचणारे, स्वतःहून आणि सावकाश. प्रत्येक घराला लागणारं डोकं वेगळं. ज्याला पटकन निर्णय घेता येतो तो फॉरेन्सिकमध्ये घाई करून पुरावा घालवतो, आणि जो सगळं चारदा तपासतो तो चालू हल्ल्यात मागे पडतो. म्हणून त्या चाचणीत माहितीचे प्रश्न महत्त्वाचे नाहीत, लक्ष टिकणं, नियम शोधणं, चूक वेळेत ओळखणं, डोक्यात एकाच वेळी किती धरता येतं, हे बघतात.

तुझ्या पत्रावरून मला तू तिसऱ्या घरातली वाटतेस. गणित थोडं सुधार, लिनक्सची कमांड लाइन आणि पायथन इतकं शीक की दहा हजार ओळींची फाईल तुला हवी तशी चाळता येईल, कारण नुसते डोळे पुरत नाहीत. आणि जे सापडलं ते दुसऱ्याला समजेल असं लिहून ठेवायची सवय लाव, वेळेसकट, मराठीत लिहिलंस तरी चालेल. एस्टोनियात टॅलिनला नाटोचं सायबर केंद्र २०१० पासून लॉक्ड शील्ड्स नावाचा मोठा सराव घेतं, त्यातसुद्धा टीमला फक्त हल्ला थांबवल्याचे मार्क नसतात, काय घडलं याचा रिपोर्ट, कायद्याची बाजू, बातमीदारांना उत्तर, हे सगळं धरतात.

प्रश्न: मुलाने कॉलेजच्या पोर्टलमध्ये घुसून दाखवलं, मार्क बदलले नाहीत पण बघितले. मित्र म्हणतात हा आर्मीत हॅकर होणार. मला अभिमान वाटावा का भीती, कळत नाही. (एक वडील, नाशिक)

उत्तर: भीती वाटू द्या आणि आजच त्याच्याशी बोला. परवानगी न घेता दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये शिरणं हा आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि नुसतं बघितलं हे वाक्य पोलिसांसमोर फारसं उपयोगी नाही. सरकारी नोकरीच्या आधी पोलीस व्हेरिफिकेशन होतं, तिथे अशी एक केस पुरते. आणि सैन्य या कामासाठी हुशारीच्या आधी बघतं की दार उघडं दिसलं तरी हा माणूस आदेशाशिवाय आत जाणार नाही ना. ते अमेरिकेचे लांब फॉर्म आणि आपल्याकडचं व्हेरिफिकेशन त्यासाठीच आहे.

एखाद्या वकिलाशी बोलून घ्या, परत त्या पोर्टलला हात लावू नको म्हणून बजावा, आणि ही खुमखुमी जिथे रीतसर चालते तिथे वळवा. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीची पिकोसीटीएफ ही हॅकिंगची स्पर्धा फुकट आहे, ओव्हरदवायरचा बँडिट हा खेळ फुकट आहे, अमृता विद्यापीठाच्या पोरांची इनसीटीएफ स्पर्धा आहे. तिथे घुसायचीच परवानगी असते. त्याच्याकडे काहीतरी आहे हे नक्की, ते एका केसपायी वाया जाऊ देऊ नका.

प्रश्न: आमच्या शाळेत कॉम्प्युटर मोजके, लाईटचा भरवसा नाही. या कामाचा कल असलेली मुलं आमच्याकडे पण असणार, पण ती ओळखायची कशी? (एक शिक्षक, नंदुरबार जिल्हा)

उत्तर: सर, या पत्रासाठीच मी हे सदर इतकं लांबवलं. कल ओळखायला कॉम्प्युटर लागत नाही. १९४२ च्या जानेवारीत लंडनच्या डेली टेलिग्राफने शब्दकोडं १२ मिनिटांत सोडवायची स्पर्धा घेतली, आणि ज्यांनी सोडवलं त्यांच्यातल्या काहींना नंतर सैन्याकडून पत्रं गेली, ते ब्लेचली पार्कमध्ये जर्मन संदेश फोडायच्या कामाला लागले. कागद आणि पेन्सिल एवढंच होतं. इस्रायलमध्ये मगशिमीम नावाचा उपक्रम आहे, शहरापासून लांबच्या गावांमधल्या दहावी ते बारावीच्या मुलांना शाळा सुटल्यावर सायबर शिकवतात, म्हणजे पुढे सैन्याच्या ८२०० सारख्या सायबर आणि गुप्त माहितीच्या युनिटच्या निवडीत फक्त मोठ्या शहरांमधली मुलं भरू नयेत.

अमेरिकन सैन्य भाषेचा कल मोजायला डीलॅब नावाची चाचणी घेतं, त्यात खोटीच भाषा बनवलेली असते, नियम देतात आणि नवीन वाक्य लावायला सांगतात. तुमच्या वर्गात हे उद्या करता येईल. पोरं च ची भाषा बोलतात ना, ‘काय’चं ‘चायक’, ती सगळ्यांना येते. तिचा नियम तुम्ही थोडा फिरवा, म्हणजे तीन अक्षरी शब्दाला वेगळा, दोन अक्षरी शब्दाला वेगळा, आणि नियम न सांगता फळ्यावर दहा शब्द लिहा. कोण नियम शोधतं ते बघाच, पण त्याहून जास्त लक्ष यावर ठेवा की अकरावा शब्द तुम्ही मुद्दाम चुकीचा लिहिलात तर कोण थांबतं. बहुतेक मुलं सरांनी लिहिलंय म्हणून उतरवून घेतील. जे मूल हात वर करून सर हे बसत नाही म्हणेल त्याचं नाव वहीत टिपून ठेवा. महिनाभर दर आठवड्याला वेगळं काहीतरी द्या, चुकीचं एक घर असलेला लांब पाढा, एकच अक्षर बदललेले दोन उतारे, उलटसुलट केलेला निरोप, आणि बघा तीच नावं परत येतात का. मुलींकडे मुद्दाम बघा कारण त्या हात कमी वर करतात, त्यांची पाटी जाऊन बघावी लागते.

आणि नावं सापडली की दहावीच्या आधीच घरच्यांशी बोलून ठेवा. एनडीएच्या तयारीसाठी राज्य सरकारची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट आहे, मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला जुनी आणि मुलींसाठी नाशिकला २०२३ पासून, दहावीनंतर अकरावी-बारावी तिथे राहून शिकायचं. प्रवेश परीक्षेची जाहिरात दहावीच्या वर्षातच येते, ती गावात कोणाला दिसत नाही, तेव्हा तारखेवर तुम्हीच नजर ठेवा आणि फॉर्म तुमच्याच मोबाईलवरून भरून द्या.